अकराचा चहा

१

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मिनेर्वा ओगांदोने ‘चिली – चहा’ नावाचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

दोनशे चाळीस मुलाखतींचे आवाज त्यात असायला हवे होते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तोवर झालेल्या मुलाखतींचे आवाज तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि खोडलेल्या फायलींची पेटी धुंडाळली, पण तीही कुणीतरी झाडून पुसून स्वच्छ केली होती. निष्काळजी माणूस एवढी सफाई ठेवत नाही.

सांतो दोमिंगोतल्या त्या कचेरीत, टायरच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर, तीस माणसं दिवसभर कानाला हेडफोन लावून चिली, पेरू, पाराग्वायला फोन करत. आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसांना विचारत, तुमचा साबण कोणता, तुमचा चहा कोणता. त्या मुलाखती खरंच झाल्या का, हे रेकॉर्डिंग ऐकून ठरवणं हे मिनेर्वाचं काम होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली होती, कारण प्रयोगशाळेत जागा नव्हती आणि इथे पंखा होता. गेला आठवडा ती पेरूच्या साबणात बुडालेली होती. चिलीचा चहा ती आजपासून ऐकणार होती.

“मिनेर्वा, आत ये,” सुपरवायझर लेआंद्रो अल्मान्सारने दारातून हाक मारली. “साहेबांनी बोलावलंय. फोल्डरबद्दलच आहे.”

तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

मालक एलिहिओसाहेब टेबलामागे घाम पुसत बसले होते. समोर कसिल्दा बेल्त्रे उभी होती. खुर्ची रिकामी असूनही उभी. वय छप्पन्न. आसुआच्या शाळेत बावीस वर्षं शिकवून ती शहरात आली होती, म्हणून अख्खी कचेरी तिला ‘बाई’च म्हणायची. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता आणि त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

“चहा कंपनीला नमुना म्हणून रेकॉर्डिंगं हवीत. आज पाचपर्यंत,” साहेब म्हणाले. “लेआंद्रोने सकाळी सातला फोल्डर उघडला तर ठणठणाट. का, ते तोच सांगेल.”

लेआंद्रोने आवाज मऊ केला. “मला बोलताना वाईट वाटतंय. बाईंच्या कोडवर चाळीस मुलाखती आहेत. ‘चहा कधी घेता?’ या प्रश्नाला त्यातले एकतीस जण म्हणतात, अकरा वाजता. एकतीस! बाकी कुणाच्या मुलाखतीत अकरा नाही. मला शंका आली, म्हणून शुक्रवारी सकाळी बाईंची दहा रेकॉर्डिंगं मी स्वतः ऐकली. लोक स्पष्ट सांगतात, सकाळी सात, दुपारी चार, रात्री नऊ. आणि बाई बटण दाबतात अकराचं. बाकीच्या तर त्यांनी फोन न लावताच भरल्यात. त्या दहांचे क्रमांक पत्रात लिहिलेत. मग दुपारी बाई मिनेर्वाच्या टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. सोमवारी फोल्डर रिकामा.”

मिनेर्वाचे कान तापले. शुक्रवारी ती संगणक उघडा ठेवून जेवायला खाली गेली होती. बाईंनी तिथे बसून डबा खाल्ला होता हेही खरंच होतं, कारण अख्ख्या हॉलमध्ये चालणारा पंखा तेवढाच होता.

“सही करा बाई,” साहेब म्हणाले. “तुमच्या चाळीस रद्द करतो, बाकी दोनशे पाठवतो. प्रकरण मिटलं. पोलीस नको, आरडाओरडा नको.”

कसिल्दाबाईंनी चष्मा नाकावर चढवून कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. “‘मी केलेल्या चाळीस मुलाखती,’ असं लिहिलंय. मी अडतीस केल्या.”

“संगणकात चाळीस आहेत,” साहेब म्हणाले.

“मग दोन संगणकाने केल्या असतील. त्याची सही घ्या.”

“बाई, हा हट्ट कशाला—”

“हट्ट नाही, हिशेब आहे. रोज संध्याकाळी मी वहीत रेघा मारते. अडतीस. खोट्या कागदावर मी सही करणार नाही. आणि खरं सांगू? तुम्ही त्याचे अडतीस केलेत तरी करणार नाही.”

ती सही म्हणजे काय, हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं. शहरातल्या फोन-कचेऱ्या अशी नावं एकमेकींना कळवत. या कागदावर नाव गेलेल्या माणसाला सांतो दोमिंगोत पुन्हा कुणी हेडफोन देत नसे.

“साहेब, मला दुपारपर्यंत वेळ द्या,” मिनेर्वा म्हणाली.

“चारपर्यंत. पाचला पत्र जायला हवं.” साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “आणि एक लक्षात ठेव. बाईंनी सही केली नाही, तर फोल्डर कसा गेला हे मला लिहावं लागेल. त्याची किल्ली तिघांकडेच आहे. मी, लेआंद्रो आणि तू. आणि संगणक उघडा होता तो तुझा.”

२

विल्किन ताव्हेरास बाईंच्या शेजारी बसायचा. महिन्याचा ‘सर्वात वेगवान’ म्हणून त्याचा फोटो सलग पाच महिने भिंतीवर होता आणि येताजाता तो त्या फोटोला सलाम करायचा. मिनेर्वाने त्याला कॉफीच्या थर्मासपाशी गाठलं.

“तुझी एक मुलाखत सात मिनिटांत होते. बाईंना तेरा लागतात. असं कसं?”

“बाईंचं इंजिन जुनं आहे.”

“विल्किन.”

“माझी जीभ तरुण आहे, एवढाच माझा गुन्हा.”

“बाईंचा कोड तुला माहीत आहे?”

त्याचा कप तोंडापाशीच थांबला. “सगळ्यांचे सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे, जन्मतारीखच असते ना. लेआंद्रोच्या खणात यादीच आहे, कोणी विसरलं तर तोच सांगतो.” मग त्याने आवाज खाली आणला. “हे बघ, मी काही खोटं भरलेलं नाही. तू मला धरायला आली असशील तर दुसऱ्याच गोष्टीसाठी धर.”

“कोणत्या?”

“‘चहा कधी घेता?’ या प्रश्नाखाली लाल अक्षरात लिहिलंय ना, पर्याय वाचून दाखवू नयेत, जे सांगतील तेच नोंदवावं. मी वाचून दाखवतो. ‘सकाळी, दुपारी की संध्याकाळी?’ लोक म्हणतात संध्याकाळी, मी बटण दाबतो, पुढचा प्रश्न. योकास्ता तसंच करते. सगळेच करतात. लाल अक्षरं पाळणारी या मजल्यावर एकच बाई आहे.”

“आणि तिच्यावरच आळ.”

“म्हणून तर माझ्या घशाखाली कॉफी उतरत नाहीये,” विल्किन म्हणाला. या वेळी त्याने फोटोला सलाम केला नाही.

योकास्ता रोहासला काही विचारावंच लागलं नाही. ती आपणहून येऊन टेबलाच्या कडेवर बसली.

“बाई खोटं भरतील? अगं, मी त्यांच्या समोर ‘जवळजवळ’ म्हटलं तरी विचारतात, जवळजवळ म्हणजे नक्की किती? आणि खोटं भरायला एवढी मरमर कशाला? गुरुवार-शुक्रवार माझ्या कानात नुसती घंटी. चिलीचा मोठा राष्ट्रीय सण होता म्हणे, सगळा देश मांस भाजत अंगणात. फोन कोण उचलतंय? शुक्रवारी माझ्या खात्यात भोपळा.”

“लेआंद्रो चिडला असेल.”

“छे! तो म्हणाला, घरी जा, अल्मान्सारने आजवर कधी आकडा अपुरा ठेवलाय? नव्या शाखेचा प्रमुख व्हायचंय ना त्याला. हे दोनशे चाळीस वेळेत झाले, तर खुर्ची त्याचीच.”

ती टेबलावरून उतरली आणि जाता जाता वळली. “पण झाले बघ. शुक्रवारी संध्याकाळी बरोबर दोनशे चाळीस. देव आहे.”

मिनेर्वाने नुकत्याच उघडलेल्या उत्तरांच्या तक्त्यात योकास्ताच्या कोडपुढे नजर टाकली. शुक्रवारच्या रकान्यात भोपळा नव्हता. चार मुलाखती होत्या.

३

आवाज गेले होते, पण उत्तरं शिल्लक होती. दोनशे चाळीस ओळी.

मिनेर्वाने आधी बाईंच्या अकरांकडे पाहिलं. एकतीसदा तोच आकडा. लेआंद्रोला त्यात लबाडी दिसली होती. तिला नेमकं उलट दिसलं. प्रयोगशाळेत तिने मुलांना खोटी मापं लिहिताना पाहिलं होतं. कुणीही एकच आकडा सलग लिहीत नाही. थोडं वर, थोडं खाली, मध्येच एक वेडावाकडा. खोटं लिहिणारा एकसारखेपणाला घाबरतो. एकतीस वेळा अकरा लिहायला एक तर मूर्ख माणूस लागतो, नाहीतर एकतीस वेळा अकरा ऐकलेला.

मग पुढचे दोन प्रश्न. ‘चहाबरोबर काय खाता?’ पाव, चीज, अ‍ॅव्होकाडो, कधी अंडी. ‘सोबत कोण बसतं?’ नवरा, मुलं, सासू, सगळे. वार पाहिले तर मंगळवार, बुधवार. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता कुणाचा नवरा घरी असतो? मुलं शाळेतून येतात? आणि रात्रीचे अकरा म्हणावेत, तर सासूबाई त्या वेळी अंडी खात बसतात?

अकरा खरे होते आणि तरीही ते अकरा असू शकत नव्हते.

तिने कागदावर एवढंच लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. ‘वर्षातल्या कोणत्या महिन्यात तुमच्या घरी सर्वात जास्त चहा होतो?’ बहुतेकांचं उत्तर होतं जून, जुलै, ऑगस्ट. काही सांगता येत नाही म्हणाले. पण तेवीस जणांनी डिसेंबर किंवा जानेवारी सांगितला होता. तेवीसही जणांचं कारण एकच, थंडी. पंधरा जण त्यात आलं घालत होते. ‘खुलासा लागल्यास पुन्हा फोन केलेला चालेल का?’ या शेवटच्या प्रश्नाला बाकी लोकांतले निम्म्याहून जास्त ‘हो’ म्हणाले होते. या तेवीसांतला एकही नाही.

तेवीस मुलाखती आठ वेगवेगळ्या कोडवर पसरल्या होत्या, सगळ्या शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या. चार योकास्ताच्या, तीन विल्किनच्या. आणि दोन कसिल्दाबाईंच्या.

चाळीस वजा दोन.

मिनेर्वा उठून भिंतीवरच्या नकाशापुढे उभी राहिली. वरती त्यांचं बेट, बोटाच्या पेरापेक्षा लहान. खाली, पार खाली, मिरचीसारखी लांब चिली. नकाशाच्या मधून जाणाऱ्या आडव्या रेघेवर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तेवीसांचं कोडं सुटलं होतं. पण ते कोणी भरले हे सिद्ध करायला तिला आधी अकरा सोडवावे लागणार होते. घड्याळात दीड वाजला होता.

४

बाई जिन्यात पायरीवर रुमाल पसरून बसल्या होत्या. डब्यात तूरदाण्यांचा भात होता. एरवी त्या खरवड कुणाला द्यायच्या नाहीत, आज ती तशीच पडली होती.

“पोरी, तू तुझा जीव धोक्यात घालू नकोस,” त्या म्हणाल्या. “उघड्या संगणकाचं पाप तुझ्या माथी येईल.”

“ते माझंच आहे. बाई, मला एक सांगा. लोक नेमकं काय म्हणतात? शब्दन् शब्द.”

“काय म्हणणार? मी विचारते, चहा कधी घेता? ते म्हणतात, ‘ओन्से’. अकरा. काय दाबायचं मग मी, बारा?”

“‘अकरा वाजता’ म्हणतात की नुसतं ‘अकराला’?”

बाईंनी भुवया आवळल्या. “ते लोक शब्दाची शेपटी गिळतात गं. आपल्यासारखेच. ‘अकराला’, ‘अकरा वाजता’, कानाला सगळं एकच लागतं. खरं सांगू, मला त्यांचं कौतुक वाटलं. काय शिस्तीचा देश! भांडी घासणारी असो की बँकवाला, ठोक्याला सगळ्यांचा चहा.”

“तुम्ही उलट विचारलं नाही? अकराच का म्हणून?”

“सूचनेत काय आहे? अर्थ विचारू नये, सुचवू नये, सांगतील ते लिहावं.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. “बावीस वर्षं मुलांना सांगत आले, शेजारच्याच्या वहीतलं उत्तर आपल्या वहीत लिहू नका. आता म्हातारपणी शेजारच्याचं खोटं माझ्या नावावर लिहून घेऊ? त्यांनी मला काढून टाकावं, तो त्यांचा अधिकार. पण माझ्या हाताने नाही.”

मिनेर्वा त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसली. “बाई, साहेबांनी पुन्हा फोन करायला मनाई केली तर तुम्ही कराल?”

“कुणाला?”

“लेआंद्रोने पत्रात लिहिलेल्या दहांपैकी सात जण पुन्हा फोन चालेल म्हणालेत. त्यांतल्या एकीला. सगळ्यांच्या देखत.”

बाईंनी रुमालाची घडी घातली. “मनाई झाल्यावर करायचा, की आधीच करायचा?”

५

साडेतीनला मिनेर्वाने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. साहेब घड्याळाकडे बघत आले, लेआंद्रो सहीचं पत्र घेऊन. विल्किन आणि योकास्ता हेडफोन गळ्यात टाकून उभे राहिले आणि हळूहळू बाकीचेही.

“पत्रातला पहिला क्रमांक वाच, लेआंद्रो.”

“एकशे सतरा.”

“यात काय ऐकलंस?”

“लिहिलंय ना. तालका गाव. तिथल्या बाई म्हणाल्या सकाळी सात. कसिल्दाबाईंनी दाबलं अकरा.”

“नक्की? ‘सात’ हा शब्द तू स्वतः ऐकलास?”

“या कानांनी.”

“ठीक. एकशे सतराने पुन्हा फोनला परवानगी दिली आहे.”

लेआंद्रो साहेबांकडे वळला. “हे चालणार नाही. कंपनीला आवडत नाही लोकांना पुन्हा त्रास दिलेला. साहेब, तुम्ही—”

“मिनेर्वा, मी मनाई करतो,” साहेब म्हणाले.

“हो साहेब,” मिनेर्वा म्हणाली. पण तोवर बाईंनी नंबर फिरवला होता आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं होतं. तिकडे घंटी वाजत होती. सबंध हॉलसमोर ग्राहकाच्या कानावर फोन आपटावा, एवढे साहेब असभ्य नव्हते.

“हॅलो?” एक वयस्कर, उत्साही आवाज आला.

“नमस्कार. मागच्या आठवड्यात चहाबद्दल फोन केला होता, ती मी कसिल्दा.”

“अगं हो! ती प्रेमळ बाई. मी एदेल्मिरा. बोल की.”

“फक्त एक प्रश्न पुन्हा विचारते. आपण चहा कधी घेता?”

“सांगितलं होतं ना. अकराला.”

हॉलमध्ये कुणीतरी श्वास सोडला. लेआंद्रोने खांदे उडवले. “एखाद्या वेळी बदलते माणसाची—”

मिनेर्वाने बोट ओठांवर ठेवलं आणि फोनकडे वाकली. सूचनेत नसलेला प्रश्न तिने विचारला. “एदेल्मिराताई, मग आजचा झाला चहा?”

“आत्ता? छे गं बाई. आत्ता साडेचार झालेत इथे. अकराला अजून दोन तास आहेत.”

सगळ्यांच्या नजरा एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे गेल्या. तिथे साडेतीन होते. चिली त्यांच्या एक तास पुढे. साडेचारात दोन मिळवून अकरा कसे होतात, हे तीस माणसांना एकदम सुचेना.

“दोन तास?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच डगमगला. “म्हणजे तुमचे अकरा... किती वाजता असतात?”

पलीकडे हसू फुटलं. “साडेसहाला. कधी सातला. नवरा कामावरून आला, ताजा पाव आला, की आम्ही अकराला बसतो. तुमच्याकडे नसतं अकरा? अरेरे. मग संध्याकाळी खाता काय तुम्ही?”

६

फोन ठेवल्यावर आधी विल्किन हसला. मग हॉलच हसला. बाई हसल्या नाहीत. त्या आपल्या हाताकडे, एकतीस वेळा तेच बटण दाबलेल्या बोटाकडे पाहत होत्या.

“जेवणाचं नाव आहे ते,” त्या पुटपुटल्या. “नाव. आणि मी घड्याळ समजले.”

“तुम्ही ऐकलं तेच लिहिलंत,” मिनेर्वा म्हणाली. “तुमची चूकच तुमचा पुरावा आहे. इथे बसून चिलीचा चहा मनाने रचणारा माणूस काहीही रचेल, पण त्याला अकरा सुचणार नाहीत. ते सुचायला चिलीला फोन लावावा लागतो आणि लाल अक्षरंही पाळावी लागतात. बाकीच्यांनी पर्याय वाचून दाखवले, म्हणून लोकांनी ‘संध्याकाळी’ म्हटलं.”

ती लेआंद्रोकडे वळली. “तू म्हणालास, या रेकॉर्डिंगमध्ये तू ‘सात’ ऐकलंस. त्या बाई ‘अकराला’ म्हणाल्या होत्या. आताही तेच म्हणाल्या. उरलेल्या सहांना आत्ता फोन लावू? तू ती दहा रेकॉर्डिंगं ऐकलीच नव्हतीस. ऐकली असतीस तर तुलाही कळलं असतं, की बटण बरोबर दाबलंय. तुला फक्त तक्त्यात एक विचित्र आकडा दिसला आणि त्यावर टांगायला एक बाई सापडली.”

“मी घाईत दुसरं कुठलं तरी ऐकलं असेन,” लेआंद्रो म्हणाला. “यात फोल्डर कुठे आला?”

“येतो. साहेब, हिवाळा कधी असतो?”

“हा काय प्रश्न? डिसेंबरात.”

“इथे. नाताळच्या वाऱ्यात आपण आल्याचा चहा करतो. या तेवीस मुलाखतीतले लोकही तेच करतात. डिसेंबरात थंडी वाजते, आलं घालतात, आणि पुन्हा फोन केलेला एकालाही चालत नाही. पण चिली त्या रेघेच्या खाली आहे.” तिने नकाशाकडे बोट केलं. “डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो. खऱ्या लोकांनी जून-जुलै सांगितलाय. हे तेवीस लोक चिलीत राहत नाहीत. ते याच मजल्यावर जन्मले, सणामुळे तिकडे फोन कुणी उचलत नव्हतं तेव्हा. दोनशे सतराला गाडी अडली होती.”

“माझ्या नावावर चार आहेत?” योकास्ताने तक्त्यात डोकावून विचारलं. “शुक्रवारी? मी तर भोपळा घेऊन घरी गेले.”

“आणि माझे अडतीस,” बाई म्हणाल्या.

“हे कुणीही भरू शकतं,” लेआंद्रो म्हणाला. “विल्किनला सगळ्यांचे कोड माहीत आहेत.”

“आहेत,” मिनेर्वा म्हणाली. “पण विल्किनला फोल्डर पुसून काय मिळणार? माझा संगणक जेवणाच्या वेळी उघडा होता, तेव्हा बाई तिथे बसून होत्या, आणि हे तेवीस त्यानंतर, संध्याकाळी भरलेत. त्या तेवीसांना आवाजच नव्हता, म्हणून बाकीच्यांचाही आवाज घालवावा लागला. तो त्यानंतरच गेला. तेव्हा माझा संगणक कुलूपबंद होता. उरल्या किल्ल्या तीन. मी ऐकण्यासाठी फोल्डर उघडणार होते, पुसण्यासाठी नाही. साहेबांना नमुना पाठवायचा होता. आणि न ऐकलेलं ऐकल्याचं लेखी खोटं फक्त एकाने सांगितलंय. अपराध्याशिवाय कुणाला दुसऱ्यावर आळ घालायची एवढी घाई असते?”

लेआंद्रोने हातातलं पत्र घडी करायला घेतलं. दोनदा घडी चुकली. “तुम्हाला दोनशे चाळीस हवे होते, साहेब,” तो शेवटी म्हणाला. “कसे आणायचे, हे कुणी विचारलं नव्हतं.”

साहेब खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी घाम पुसला.

“तू घरी जा,” ते लेआंद्रोला म्हणाले. मग मिनेर्वाकडे पाहून, “बरं. बाई मोकळ्या. पण पत्र पाचलाच जायचंय. तेवीसांचं इतक्यात काही लिहू नकोस. आणि त्या एकतीस ठिकाणी अकराचे साडेसहा करून टाक. नीटनेटकं दिसेल.”

“पत्र मी लिहीन,” मिनेर्वा म्हणाली. “त्यात दोनशे सतरा मुलाखती खऱ्या आहेत असं असेल, तेवीस खोट्या आहेत असं असेल, आणि फोल्डर पुसला गेला हेही. माझा संगणक एक तास उघडा होता, तेसुद्धा लिहीन. तुम्हाला दोनशे चाळीस लिहायचं असेल तर लिहा. सही मात्र तुमची लागेल.”

तीस माणसं हेडफोन गळ्यात टाकून उभी होती आणि एकही जण जागेवर जाऊन बसत नव्हता. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हात हलवला. लिही, असा.

“आणि साडेसहा?” त्यांनी थकून विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. त्यांनी लेआंद्रोच्या हातातून ते सहीचं पत्र काढून घेतलं, पर्समधून लाल पेन काढलं, उभ्या उभ्या पहिल्या ओळीतले ‘चाळीस’ खोडून वर ‘अडतीस’ लिहिलं, आणि मग सबंध मजकुरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढली. वही तपासावी तशी. कागद त्यांनी लेआंद्रोला परत दिला.

“साडेसहा कुणी म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “एकतीस जण अकरा म्हणाले. अकराच राहतील. खाली टीप द्या, अकरा म्हणजे काय ते. मला माहीत नव्हतं, कंपनीला माहीत असेल. पण लोकांच्या तोंडचा शब्द मी बदलणार नाही, आणि कुणी बदललेला खपवून घेणार नाही.”

त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि हेडफोन कानाला लावला. वहीत नवं पान उघडून त्यांनी तारीख घातली.

“विल्किन,” नंबर फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, “लाल अक्षरं वाच.”

“वाचतोय, बाई,” विल्किन म्हणाला, आणि खरंच वाचू लागला.